किल्लीवाल्याची सुट्टी

किल्लीवाल्याच्या दुकानाला पाटी नव्हती. कधी लागलीच नाही. बायको होती ना!

दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या फटीत बसवलेली टपरी. आत किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि दोन स्टुलं. आतल्या स्टुलावर तो, मान खाली, डोळ्याला भिंग. बाहेरच्या स्टुलावर ती, मान वर, नजर रस्त्यावर. कुणी खिसे चाचपडत, कपाळाला आठ्या घालून चाललेला दिसला की पलीकडच्या फुटपाथवर त्याला हाक पोचलीच म्हणून समजा. "हरवली की तुटली?" माणूस जागच्या जागी दचकायचा. "हरवली असेल तर इकडे या, तुटली असेल तरी इकडेच या! आणि घरातच राहिली असेल तर पत्ता सांगा, माणूस पाठवते!"

माणूस म्हणजे नवरा.

आवाज असा, की चौकातला पोलीस शिट्टी फुंकण्याआधी एकदा तिच्याकडे बघून घ्यायचा, उगाच दोन्ही एकदम नकोत म्हणून. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं भोंगा. तोंडावर काकू, पाठीमागे भोंगा. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू देत की," ती म्हणायची, "भोंगा आहे, पण वेळेवर वाजतो. तुमच्या नळासारखा नाही."

त्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आणि ऐकण्याचं त्याच्याकडे, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच झाली होती. भांडणंसुद्धा ती एकटीच दोन्ही बाजूंनी करायची. "आता तुम्ही म्हणाल, की मी काय केलं? तर ऐका काय केलं!" तो ऐकायचा. स्वतःची बाजू तिच्या तोंडून इतकी छान मांडली जायची, की त्याला वेगळं काही सुचायचं नाही. वर शेवटी जिंकायची कोण, ते सांगायला नकोच.

मग तिच्या गळ्यात गाठ आली.

गाठ साधी निघाली, काढूनही टाकली. पण काढताना आवाजाची नस दुखावली. आवाज गेला नाही, बदलला. जाडा झाला, घोगरा झाला, वाक्याच्या मधेच चिरकायला लागला. आवाजाची एक वेगळी डॉक्टरीण असते, तिने दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "जुना आवाज परत येणार नाही. हा जो आहे, तो आता तुमचा. वापरलात तर मऊ होईल, मोकळा होईल. नाही वापरलात, तर हाही बसेल. तेव्हा बोला. भरपूर बोला."

बाईला बोला म्हणून सांगायची वेळ यावी! गल्लीला हे कळलं तेव्हा गल्ली हसलीसुद्धा.

पण ती बोलेना. पहिले काही दिवस कामापुरतं बोलली. मग गॅस एजन्सीतून फोन आला, तिने उचलून "हॅलो" म्हटलं, आणि पलीकडचा पोरगा म्हणाला, "काका, जरा काकूंना द्या ना." तिने फोन शांतपणे नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप.

कुलूपच म्हणायचं, कारण किल्लीवाल्याला त्याच्या आयुष्यात उघडता न आलेलं तेवढं एकच.

तिचा कारभार भुवयांवर चालू लागला. डावी भुवई वर म्हणजे नको, दोन्ही वर म्हणजे पुन्हा सांगा, दोन्ही खाली म्हणजे पुन्हा सांगू नका. दुकानात ती रोज यायची, बाहेरच्या स्टुलावर बसायची, पण लोक खिसे चाचपडत समोरून निघून जायचे. एकदा त्यानेच हाक मारून पाहिली, "किल्ली... किल्ल्या करून मिळतील," तर हाक अशी निघाली, जणू शेजारणीकडे वाटीभर साखर मागतोय. आणि घरी तर विचारू नका. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक त्याला जन्मात पहिल्यांदा ऐकू आली. त्याला वाटलं, घड्याळ बिघडलं.

लेक दुसऱ्या शहरात. तिचा रोज फोन. "बाबा, आई बोलली का?"

"मान हलवली."

"उभी की आडवी?"

"मधलीच."

अशात एक दिवस एक परगावचा माणूस टपरीसमोर थांबला आणि दवाखाना कुठे, म्हणून विचारू लागला. किल्लीवाला यंत्रावर होता. यंत्राची घरघर चालू, मान खाली. तेवढ्यात घरघरीच्या पलीकडून त्याने ऐकलं, "डावीकडे वळा. औषधांच्या दुकानावरून." जाडा, खरखरीत, पण स्वच्छ. त्याने मान वर केली नाही. हातातली किल्ली मात्र गरजेपेक्षा बरीच जास्त घासली गेली आणि वाया गेली.

त्या वाया गेलेल्या किल्लीवर त्याने विचार केला. ओळखीच्यांशी बोलत नाही, अनोळख्याशी बोलली. का? तर त्या माणसाने तिचा जुना आवाज कधी ऐकलेला नाही. त्याच्या लेखी हाच तिचा आवाज. मग जिथे कुणीच जुना आवाज ऐकलेला नाही, अशा जागी तिला नेलं तर? एक अख्खं बेट आहे म्हणे, समुद्रातून सरळ वर उठलेले डोंगर, आणि डोंगरभर फुलं. तिथल्या एकाही माणसाने भोंगा ऐकलेला नाही. किल्लीवाल्याला आपल्याच डोक्याचं कौतुक वाटलं. लेकीला सांगितलं तर ती फोनवर रडायलाच लागली आणि रडता रडता तिने खोली ठरवून टाकली.

बायकोला त्याने एवढंच सांगितलं, की हवापालट. दोन्ही भुवया वर. पुन्हा सांगितलं. मग मान. उभी.

गल्लीला निमित्तच हवं होतं. "या वयात मधुचंद्र!" "जपून हो, डोंगर आहेत. धाप लागली तर आधी कुणी कुणाला धरायचं, ठरवून ठेवा." एरवी अशा एका टोमण्याला तिच्याकडून तीन परत आले असते, व्याजासकट. तिने नुसतं पाहिलं आणि पिशवीची चेन ओढली. टोमणा मारणाऱ्यालाच कसंसं झालं.

बॅग भरताना मात्र तिने एक काम चोख केलं. त्याच्या कपड्यांखाली दडवलेली हत्यारांची गुंडाळी बाहेर काढली, त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि कपाटात ठेवून दिली. डावी भुवई वर. तोही मुकाट्याने हो म्हणाला. एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आधीच दाढीच्या सामानात गेला होता, हे त्याने सांगितलं नाही. दाढीचं सामान ही पुरुषाची खासगी बाब असते.

बेट खरंच सांगितलं होतं तसं निघालं. बोटीतून उतरल्या उतरल्या रस्ता जो वर चढायला लागला, तो थांबेचना. घरं एकावर एक रचल्यासारखी, एकाच्या अंगणातून दुसऱ्याचं छप्पर हाताला लागावं. आणि फुलं! लोकांनी फुलं लावली होती म्हणण्यापेक्षा फुलांनी लोकांना मधे मधे जागा दिली होती. भिंतींवरून बोगनवेल ओसंडतेय, पायऱ्यांच्या कडेने कोबीएवढे निळे गोंडे लगडलेत, फुटकी बादली, जुना बूट, विटलेली घमेली, काही म्हणून सोडलेलं नाही, सगळ्यांतून काहीतरी फुललेलं. बायको दर दहा पावलांना थांबायची. वाकून बघायची, बोटाने पाकळी उचलायची. तोंड उघडायचं, आणि मिटायचं.

किल्लीवाल्याचं लक्ष दुसरीकडे होतं. प्रत्येक घराच्या दारात एक कुंडी, आणि प्रत्येक कुंडीखाली किल्ली. त्याने दोन-तीन ठिकाणी वाकून खात्रीच केली. "अगं, काय हे!" तो हळहळला. "कुलूप तरी कशाला लावतात मग? आणि कुलपं बघ, पोराने फुंकर मारली तर उघडतील. इथे मी उपाशी मेलो असतो."

बायकोच्या ओठाचा कोपरा हलला. बस, तेवढंच.

खोली मिळाली ती एका फुलवाल्या बाईच्या घरात, वरच्या मजल्यावर. बाई एकटी, डोंगराच्या उतारावर फुलांचे मळे करायची, सकाळी टोपल्या भरून बंदरावर न्यायची. बोलायला अशी, की किल्लीवाल्याला क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं. "या, या! चढ लागला ना? लागायचाच. पाणी प्या. आधी बसा, मग प्या. तुम्ही कुठल्या हो?" हा प्रश्न बायकोला. बायको हसली. बाईने वाट पाहिली. मग तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि बिचारीने दोन्ही हातांनी खुणा करायला सुरुवात केली. जेवण इथे, झोप तिथे, न्हाणी पलीकडे. झोपेची खूण करताना तर चक्क घोरून दाखवलं.

"अहो, हिला ऐकू येतं," किल्लीवाला घाईने म्हणाला. "बोलतेसुद्धा."

"मग माझ्याशी का नाही बोलत?"

"ओळख व्हायला वेळ लागतो जरा."

"तुमच्याशी बोलतात ना?"

किल्लीवाला वाकून बॅग उचलायला लागला.

पुढचे दिवस त्याने नाही नाही ते करून पाहिलं. चहात मीठ घातलं आणि तिच्यादेखत घोटभर प्यायला. तिने कप उचलून मोरीत ओतला. मुद्दाम चुकीच्या वाटेने नेलं. तिने दंडाला धरून वळवलं. टोपी उलटी घालून अख्खा बाजार फिरला, तर तिने सुलटी करून वर एक चापटी मारली. फुलं विकणारे, बोटवाले, पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या, सगळे अनोळखी. जुना आवाज ठाऊक असलेलं एक माणूस नाही. तरी कुलूप हलेना. किल्लीवाल्याचा हिशेब कुठेतरी चुकला होता, आणि कुठे ते त्याला दिसत नव्हतं. संध्याकाळी लेकीचा फोन आला की तो सज्जाच्या टोकाला जाऊन हळू बोलायचा. "फुलं छान आहेत गं."

"बाबा, मी फुलांचं विचारत नाहीये."

डॉक्टरणीचं वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. नाही वापरलात तर हाही बसेल. दिवस गेला की त्याला वाटायचं, आज आणखी थोडा बसला असेल.

सुट्टी संपायला आली तेव्हा फुलवाल्या बाईने ठरवलं, यांना वरचं पठार दाखवायचंच. तिथे म्हणे सगळा डोंगरच फुलतो. सकाळी मळेवाल्यांची एक जीप वर जाते, तिच्यात दोन जागा सांगून ठेवल्या. बाई टोपल्या घेऊन बंदरावर निघून गेली. घरात ही दोघंच. बायको तयार होऊन खोलीत बसली, आणि किल्लीवाला दाढीला न्हाणीघरात शिरला.

आता त्या न्हाणीघराच्या दाराची मूठ पहिल्या दिवसापासून खुळखुळत होती. तुम्हा-आम्हाला कळलंही नसतं. किल्लीवाल्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. गालाला साबण लावला, अर्धा गाल झाला, आणि हात आपोआप दाढीच्या सामानातल्या त्या खासगी बाबीकडे गेला. दोन स्क्रू तर होते. आतली मूठ सुटून हातात आली. त्याच क्षणी खिडकीतून समुद्रावरचा वारा आला, दार धाडकन लागलं, आणि पलीकडे फरशीवर खण्ण आवाज झाला. दोन मुठींना जोडणारा चौकोनी दांडा बाहेरच्या मुठीसकट गळून पडला होता. कुलपाच्या पोटात काहीतरी सुटल्याचा बारीक 'टिक' पण त्याने ऐकला. तो आवाज त्याला मुळीच आवडला नाही.

किल्लीवाला कुलपाने धरला गेला!

"अगं," तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "खाली एक दांडा पडला असेल बघ. तो भोकात घालून फिरव जरा."

पावलं आली. दांडा आत आला, फिरला, नुसताच फिरत राहिला.

"पकडत नाही का?"

शांतता. आणि किल्लीवाल्याच्या लक्षात आलं, की दाराच्या पलीकडे या वेळी भुवई वर गेली असणार, आणि ती त्याला दिसत नाहीये.

"हो असेल तर एकदा ठोक, नाही असेल तर दोनदा."

ठक ठक.

"बाहेरची पट्टी खोलावी लागेल. स्क्रू-ड्रायव्हर दाराखालून सरकवतो. जमेल?"

बराच वेळ काही नाही. स्क्रू-ड्रायव्हर कुठून आला, याचा पलीकडे विचार चालला असावा. मग एक ठक. जरा जास्तच जोरात.

स्क्रू निघाल्याचे आवाज आले. तिचा हात सराईत होता. इतक्या वर्षांत किती कुलपं तिने मांडीवर खोलून दिली होती.

"आता आत बघ. एक पातळ पट्टी असेल. ती कुठे गेलीय? वर अडकलीय की खाली लोंबतेय? की फिरून आडवी झालीय? स्प्रिंग जागेवर आहे का? एकदा म्हणजे वर, दोनदा खाली, तीनदा..."

ठक. ठक ठक. मग जरा थांबून, ठक ठक ठक.

"तीन म्हणजे आडवी की स्प्रिंग?"

"तीन म्हणजे डोंबल तुमचं!"

किल्लीवाल्याने वॉश-बेसिन धरलं.

"पट्टी खाली लोंबतेय, स्प्रिंग सुटून बाजूला पडलीय, आणि हे एवढं ठोकून सांगायचं कसं? तुम्ही काय तारमास्तर आहात? आणि हत्यारं घ्यायची नाहीत म्हणून मी सांगितलं होतं की नाही?"

आवाज चिरकत होता, मधेच तुटत होता, तुटला की खालच्या पट्टीतून पुन्हा उठत होता. पण थांबत नव्हता.

"सांगितलं कुठे होतंस," तो क्षीणपणे म्हणाला. "खूण केली होतीस."

"मग खूण म्हणजे काय वाऱ्यावरची वरात? माणूस सुट्टीला येतो, फुलं बघतो, समुद्र बघतो. हा माणूस न्हाणीघराची मूठ बघतो! खाली जीप येऊन उभी राहील. काय सांगू त्यांना, आमचे हे कुलपांचे डॉक्टर, आत अडकलेत, तुम्ही व्हा पुढे? आता तुम्ही म्हणाल, मूठ खुळखुळत होती. खुळखुळू दे की! तुमच्या बापाचं घर आहे?"

किल्लीवाला डोळे मिटून उभा होता. अर्ध्या गालावरचा साबण वाळत होता. कितीतरी दिवसांनी त्याची बाजू कुणीतरी मांडत होतं.

दाराखालून एक केसाची पिन सरकत आली, आणि पाठोपाठ स्क्रू-ड्रायव्हर. "घ्या. आकडा करा आणि पट्टी वर उचला. मला बाहेरून दिसते, पण हात पोचत नाही."

त्याने पिन वाकवली. आणि इथेच त्याच्याकडून चूक झाली. तो म्हणाला, "किती छान वाटतंय गं, तुझा आवाज ऐकून."

पलीकडे सगळं एकदम थांबलं.

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. जीप खाली येऊन हॉर्न वाजवत होती. तो तिने वाजू दिला. दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकून कुणीतरी खाली बसल्यासारखा आवाज आला. "दवाखान्यात मी पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हा तुम्ही समोर होतात. तुमचं तोंड पाहिलं मी."

"हसलो होतो मी."

"हसलात. नंतर. आधी जे आलं, ते मी पाहिलं."

"काय आलं होतं?" त्याने विचारलं, आणि विचारताच त्याला नको वाटलं.

"दुकानात कुणी किल्ली परत आणतं ना, लागत नाही म्हणून? ती हातात घेताना तुमचं तोंड होतं, तसं."

पिन भोकात होती, आणि बोटं सवयीने पट्टी शोधत होती, कारण त्यांना दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

"गॅसवाल्याने काका म्हटलं, त्याचं काय! मी त्याला आजोबा म्हटलं असतं. गल्ली हसली, हसू दे. गल्लीला मी कमी हसलेय? पण तुमचं तोंड रोज समोर. मी बोलले की पुन्हा तसं झालं तर? त्यापेक्षा नकोच म्हटलं. आत्ता दिसत नाही, म्हणून बोलतेय. दार आहे तोवर बोलून घेते."

म्हणजे परगावचा माणूस अनोळखी होता म्हणून ती बोलली नव्हती. किल्लीवाल्याची मान खाली होती, म्हणून बोलली होती. अख्ख्या बेटावर तिचा जुना आवाज ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो त्याने स्वतःच तिकीट काढून बरोबर आणला होता.

पट्टी पिनेला लागली. वर उचलली गेली. खटका पडला. अगदी हलका, मऊ. दार उघडलं होतं.

किल्लीवाल्याने श्वास रोखला. पलीकडे ती क्षणभर थांबली, मग पुन्हा बोलू लागली. त्याला वाटलं, सुटलो, तिने ऐकलं नाही. तो टबाच्या काठावर हळूच टेकला. दार नुसतं ओढायचा अवकाश होता, पण त्याने बोट लावलं नाही.

खालची जीप कंटाळून निघून गेली. ती बोलतच होती. तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं. वरच्या मजल्यावरची सून सासूच्या नावाने कबुतरांना शिव्या देते. लेक फोनवर हसते, पण खोटं हसते, तिला विचारायला हवं नीट. तुमच्या निळ्या सदऱ्याचं बटण तीन आठवडे तुटलंय, मी बघत होते तुम्ही कधी सांगताय. या बाईच्या चहात साखर जास्त असते. आणि ते निळे गोंडे इतके सुंदर आहेत, इतके, की मला ते कुणाला तरी सांगायचं होतं आणि माझा जीव नुसता कोंडला. इथे आवाज तुटला, पण तो घशामुळे नव्हे. मग पाण्याचा घोट घेतल्यासारखी ती थांबली.

"दार उघडलंय ना?"

"...हो."

"मघाशीच. ऐकलं मी. एवढी वर्षं खटकेच ऐकतेय."

"मग म्हणाली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बाहेर आलात?"

मग तो म्हणाला, "येऊ?"

"कसं तोंड घेऊन येणार, ते आधी ठरवा."

किल्लीवाल्याने आरशात पाहिलं. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर वाळका साबण. त्याने हसून पाहिलं. ओळखपत्रावरचा फोटो. गंभीर होऊन पाहिलं. मयताला आल्यासारखा. भुवया वर केल्या तर चोर सापडल्यासारखा दिसू लागला. जन्मभर दुसऱ्यांच्या दारांना बरोबर बसेल ते घडवून दिलं, आणि स्वतःच्या दारातून बाहेर पडायला एक तोंड जमेना.

"ऐक," तो शेवटी दाराशी तोंड नेऊन म्हणाला. त्याला एकदम एवढं बोलायची सवय नव्हती, शब्द एकेक करून आले. "त्या दिवशी मला वाईट वाटलं. जुना आवाज गेला म्हणून वाटलं. खोटं नाही सांगत, अजूनही वाटतं मधेच. पण तू गप्प झालीस ना, तेव्हापासून तू दुकानातून पुढे गेलीस, की मी दुकान बंद करून लगेच घरी येत नाही. चौकात उभा राहतो. उगाचच. भाजीवाल्याशी भाव करतो, घ्यायचं नसलं तरी. घरी यायची भीती वाटते मला." तो थांबला. "तोंड काही ठरवता येत नाही गं. येईल ते येईल. तूच बघ आणि सांग."

आणि त्याने दार ओढलं.

ती फरशीवर पाय पसरून बसली होती, मांडीवर दाराची बाहेरची पट्टी आणि दोन स्क्रू, पिन काढल्यामुळे केसांची एक बट गालावर. तिने मान वर केली. तो एखादं बारीक कुलूप भिंगाखाली धरतो, तसं तिने त्याचं तोंड बराच वेळ पाहिलं. तो हलला नाही.

"काय दिसतंय?"

"घाबरलायत."

"हो."

"आणि साबण कानात गेलाय."

तो हसला, मग ती हसली. तिचं हसू फाटक्या पिपाणीसारखं निघालं, दोन सुरांत, आणि दुसऱ्या सुराचा पहिल्याशी काही संबंध नव्हता. तिचा हात तोंडाकडे जायला निघाला. मग केसांची बट मागे सारून खाली आला. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि दोघांनी मिळून कुलूप जागेवर बसवलं. ती सांगत होती, तो ऐकत होता.

"कसा वाटतो?" मधेच तिने विचारलं, स्क्रू घट्ट करता करता, त्याच्याकडे न बघता.

"जुना पाठ होता. हा अजून ओळखीचा व्हायचाय."

"म्हणजे बोलत राहा म्हणताय."

"मी काय म्हणणार! माझी बाजू तूच मांडतेस."

पठार राहिलं ते राहिलंच. दुपारी दोघं पायऱ्या पायऱ्यांनी जमेल तेवढं वर चढली, तिला धाप लागली तेव्हा त्याने धरलं, त्याला लागली तेव्हा तिने. एका वळणावर दरी उघडली. समोरच्या उतारावर मळ्यांचे पट्टे, पांढरे, जांभळे, पिवळे, आणि त्यांत मुंगीएवढी माणसं वाकून फुलं काढत होती. त्यांत टोपीवरून फुलवाली बाई ओळखू आली.

"तिला सांगायला हवं, मूठ आम्ही दुरुस्त केली," बायको म्हणाली.

"संध्याकाळी सांगू की."

"तुम्ही गप्प बसा." ती कठड्याशी गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले. "ओ बाई!"

हाक दरीच्या अर्ध्यात गेली आणि चिरकून विझली. पलीकडे कुणी वळलं नाही. तिने मागे वळून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो नुसता उभा होता, कान देऊन.

तिने पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज मधेच फुटला आणि खालून जाडा होऊन निघाला. मळ्यातली दोन-चार डोकी वर झाली. तिने पुन्हा एकदा त्याच्याकडे ओझरतं पाहिलं.

"ओऽऽ बाई! तुमचं दाऽऽर मोडलं होतं आम्ही!"

अख्खा उतार ताठ उभा राहिला. टोप्या मागे सरल्या, बाईने हातातली टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडून विचारू लागली. त्यावर उत्तर द्यायला बायको कठड्यावरून पुढे झुकली. या वेळी मागे वळून बघायचं तिच्या लक्षातही राहिलं नाही.